गैरहजर मुलांना वगळून रँडम रोल नंबर कसा काढायचा?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. वर्गाचा पट ४० चा आहे. रोज पायथन प्रोग्रॅमने एक रोल नंबर काढायचा आणि त्या मुलाला फळ्यावर गणित सोडवायला बोलवायचं. त्या दिवशी ७, १२, १९ आणि ३१ गैरहजर होते. तुम्ही रँडिंटने १ ते ४० मधला नंबर काढलात आणि खाली इफ लावलंत: नंबर == ७ ऑर १२ ऑर १९ ऑर ३१ असेल तर नंबर पुन्हा काढ. तरी मधूनच गैरहजर मुलाचा नंबर येतो. इफच्या जागी व्हाइल टाकलं, तर प्रोग्रॅम सुरू होतो आणि थांबतच नाही. त्यापुढे तुम्ही असंही विचारलंय की काल ज्याला बोलावलं त्याचा नंबर आज येऊ नये म्हणून काय करायचं.

रँडम मॉड्यूलवर शंका घेऊ नका, ते आपलं काम नीट करतंय. तुमच्या दोन्ही तक्रारींचं मूळ एकाच ओळीत आहे. आपण बोलताना 'नंबर सात किंवा बारा किंवा एकोणीस असेल तर' असं म्हणतो आणि ऐकणाऱ्याला कळतं. पायथन ती ओळ तशी वाचत नाही. त्याच्या दृष्टीने पहिला तुकडा 'नंबर == ७' एवढाच आहे, आणि ऑरनंतरचा '१२' हा एक स्वतंत्र तुकडा आहे. नुसत्या १२ ला खरं मानायचं की खोटं? पायथनमध्ये शून्य सोडून कुठलीही संख्या अटीत खरीच धरली जाते. त्यामुळे नंबर कुठलाही आला तरी तुमची अट खरीच ठरते.

आता दोन्ही लक्षणं यावर ताडून पाहा. अट कायम खरी असल्यामुळे व्हाइलला थांबायला कारणच सापडत नाही. इफमध्ये काय होतं? पहिला नंबर दर वेळी फेकला जातो, दुसरा काढला जातो, आणि तो कोणी तपासतच नाही. म्हणजे वगळण्याचं काम शून्य झालं. ४० मध्ये ४ गैरहजर, तेव्हा सरासरी दर दहा निवडींत एकदा गैरहजर मुलाचा नंबर येणार. 'मधूनच येतो' असं तुम्ही लिहिलंय, ते प्रमाण याच्या आसपास असेल तर रोगनिदान पक्कं समजा.

दुरुस्ती सोपी आहे. सगळे गैरहजर नंबर एका लिस्टमध्ये ठेवा आणि 'इन' वापरून विचारा की नंबर या लिस्टमध्ये आहे का. पण एवढं करून इफच ठेवलंत तर भोक पूर्ण बुजत नाही. पहिला नंबर गैरहजर निघण्याची शक्यता दहात एक, आणि पुन्हा काढलेला दुसराही गैरहजर निघण्याची तेवढीच. म्हणजे शंभर निवडींत सरासरी एकदा चूक होणार. अशी चूक फार त्रास देते, कारण घरी दहा-वीस वेळा रन करून पाहिलं तर बहुधा दिसतच नाही आणि नेमकी वर्गासमोर दिसते. 'मिळेपर्यंत पुन्हा काढ' असं म्हणायचं असेल तर व्हाइलच हवं. अट बरोबर लिहिल्यावर ते थांबेलही.

पुढे जाण्याआधी एक गोष्ट तपासा, ती तुमच्या मांडणीवर अवलंबून आहे. सध्या गैरहजर नंबर तुम्ही कोडमध्येच लिहिता. उद्या ते इनपुटने विचारायला लागाल, आणि इनपुट नेहमी मजकूर देतं, संख्या देत नाही. अवतरणातलं '७' आणि संख्या ७ पायथनच्या लेखी वेगवेगळे असतात. लिस्टमध्ये असे मजकुराचे तुकडे राहिले तर 'इन' ची अट एररही देत नाही आणि कधी जुळतही नाही. सगळे गैरहजर पुन्हा हजर होतात. म्हणून आलेला मजकूर स्प्लिटने तोडायचा आणि प्रत्येक तुकडा इंटमधून काढायचा. नंबर स्वल्पविरामाने लिहिणार असाल तर स्प्लिटला स्वल्पविराम सांगायला विसरू नका.

याच ओघात, मी इथे अंक देवनागरीत लिहितोय म्हणून सांगून ठेवतो. कोडच्या ओळीत संख्या इंग्रजी अंकांतच लिहाव्या लागतात, देवनागरी अंक लिहिलात तर सिंटॅक्स एरर येईल. पण इनपुटमध्ये कोणी मराठी कीबोर्डवरून १२ असं टाइप केलं तर इंट हे फंक्शन ते बरोबर ओळखतं आणि त्याची संख्या बारा करून देतं. मजकूर म्हणूनच तुलना करत बसलात तर मात्र देवनागरीतला सात आणि इंग्रजीतला सात कधीच जुळणार नाहीत. इंटमधून काढण्याचं हे आणखी एक कारण. व्हेरिएबलची नावं मात्र पायथन ३ मध्ये देवनागरीत चालतात, त्यामुळे पुढे मी पट, गैरहजर, उपलब्ध, उरलेले ही नावं वापरतो. तुम्हीही बेधडक वापरा. पूर्ण कोड मी मुद्दाम लिहून देत नाही. प्रत्येक पायरी वाक्यात सांगतो, ओळी तुम्ही लिहा. तुम्ही शिकताय, तेव्हा त्याचा उपयोग जास्त होईल.

आता मुख्य सल्ला. दुरुस्त केलेलं व्हाइल चालतं, तरी तुमच्या कामासाठी मी ते वापरणार नाही. आपण कागदाच्या चिठ्ठ्या टाकतो तेव्हा काय करतो? गैरहजर मुलांच्या चिठ्ठ्या आधीच बाजूला काढतो आणि मग डबा हलवतो. चिठ्ठी उघडून 'अरे, हा आज नाही' म्हणत पुन्हा पुन्हा काढत बसत नाही. प्रोग्रॅमही तसाच लिहा. आधी निवडीला पात्र कोण ते ठरवा, मग त्यांच्यातून एकदाच निवडा. पट म्हणजे १ ते ४० ची लिस्ट. रेंजने करणार असाल तर शेवट ४१ द्या, कारण रेंज शेवटचा आकडा धरत नाही आणि रँडिंट धरतं. या फरकापायी चाळिसावा मुलगा वर्षभर सुटल्याचं मी विद्यार्थ्यांच्या कोडमध्ये अनेकदा पाहिलंय. त्यानंतर लिस्ट काँप्रिहेन्शनची एक ओळ: पटातला प्रत्येक नंबर घे, तो गैरहजरमध्ये नसेल तरच ठेव. जे मिळेल ते उपलब्ध. मग रँडम मॉड्यूलमधलं चॉइस वापरून उपलब्धमधून एक उचला. झालं.

या पद्धतीवर माझा इतका भर का? वगळण्याचा निर्णय आणि नशिबाचा भाग इथे वेगळे होतात. उपलब्ध ही लिस्ट तुम्ही प्रिंट करून डोळ्यांनी पाहू शकता: छत्तीस नंबर आहेत ना, १९ नाही ना. ती बरोबर असेल तर चॉइस चुकीचा नंबर देऊच शकत नाही. व्हाइलमध्ये असं तपासायला मधली जागाच नसते. दुसरं म्हणजे सगळेच गैरहजर असले तर व्हाइल गप्पपणे फिरत राहील आणि तुम्हाला वाटेल लॅपटॉप अडकला. उपलब्ध लिस्ट रिकामी असेल तर चॉइस लगेच इंडेक्स एरर देऊन सांगतं. निवडीच्या आधी इफ लावून लिस्ट रिकामी आहे का ते पाहा आणि नीट संदेश द्या, म्हणजे एररपर्यंत वेळच येणार नाही.

व्हाइल योग्य कधी? आवाका प्रचंड आणि वगळायचं अगदी थोडं असेल तेव्हा. समजा, सहा अंकी पावती नंबर हवाय आणि आधी वापरलेले काहीशे नंबर टाळायचेत. नऊ लाख नंबरांची लिस्ट करून चाळण्यापेक्षा एक काढावा, वापरलेला निघाला तर दुसरा काढावा. वापरलेले नंबर सेटमध्ये (प्रत्येक मूल्य एकदाच ठेवणाऱ्या संग्रहात) ठेवले तर तपासणीही झटपट होते. सरासरी किती वेळा काढावं लागेल ते एकूण भागिले उपलब्ध या हिशेबाने कळतं. तुमच्या वर्गात ४० भागिले ३६, म्हणजे सव्वाहूनही कमी. उलट ४० पैकी एकच उरला असेल तर सरासरी ४० वेळा.

सेटचा विषय निघालाच आहे. काही जण पटाचा सेट, गैरहजर मुलांचा सेट करून वजाबाकी करतात. वाचायला ते फार स्वच्छ दिसतं, फक्त चॉइसला सेट चालत नाही, कारण सेटमध्ये पहिला, दुसरा असा क्रमच नसतो. वजाबाकीनंतर सॉर्टेड लावा, लिस्ट मिळेल. नुसती लिस्ट करण्यापेक्षा सॉर्टेड बरं. रोल नंबरांऐवजी नावं वापरलीत तर सेटमधला नावांचा क्रम दर रनला बदलू शकतो, आणि मग सीड (रँडमचा ठरावीक सुरुवातीचा आकडा) ठरवून दिलं तरी निवड तीच येईल याची खात्री राहत नाही.

इथे दोन आडवाटा दिसतात, दोन्ही टाळा. पहिली, पटातूनच रिमूव्हने नंबर उडवणे. एक तर मूळ पट बिघडतो. नंबर पटात नसेल तर व्हॅल्यू एरर येते. आणि पटावरच फॉर लूप फिरवत रिमूव्ह केलंत तर वेगळाच घोळ होतो. समजा १२ आणि १३ दोघे गैरहजर आहेत. १२ काढला की १३ सरकून त्याच्या जागी येतो, लूप मात्र पुढच्या जागेवर जातो. १३ तपासलाच जात नाही आणि गैरहजर असून पटात राहतो. शेजारचे दोन नंबर एकत्र गैरहजर नसतील त्या दिवशी हा कोड अगदी बरोबर उत्तर देतो, म्हणून चूक लवकर हाती लागत नाही.

दुसरी आडवाट जास्त फसवी आहे: गैरहजर नंबर आला तर त्याच्या पुढचा घे. १२ आला तर १३. एररही येत नाही, गैरहजर मुलाचा नंबरही येत नाही, पाहणाऱ्याला सगळं ठीक वाटतं. पण १३ ला आता दोन वाटांनी पाळी येते, स्वतःच्या नंबराने आणि १२ च्या नंबराने. त्याची शक्यता इतरांच्या दुप्पट झाली. १२ नंबरचा मुलगा आठवडाभर आजारी असेल तर आठवडाभर हा भार १३ वर. ज्या मुलाला फळ्यावर जायची धास्ती वाटते त्याच्या बाबतीत हे घडलं तर ते मला गंभीर वाटतं, कारण प्रोग्रॅम वापरण्याचा हेतूच कोणावर अन्याय होऊ नये हा होता. पुढे सरकवायचंच असेल तर त्याचीही एक नीट रीत आहे, एकच नंबर वगळायचा असताना ती उपयोगी पडते. १ ते ४० ऐवजी १ ते ३९ मधून नंबर काढा. तो वगळायच्या नंबराएवढा किंवा त्याहून मोठा असेल तर त्यात एक मिळवा. समजा १२ वगळायचा आहे: १ ते ११ जसेच्या तसे राहिले, १२ ते ३९ चे १३ ते ४० झाले. प्रत्येकाकडे एकच वाट.

इथवरचं थोडक्यात धरून ठेवा: अट 'इन' ने लिहा, इनपुट इंटमधून काढा, उपलब्ध लिस्ट आधी बनवा, मूळ पटाला हात लावू नका.

आता कालच्या नंबराचा प्रश्न. इथे मला तुम्हालाच विचारावंसं वाटतं की नेमकं काय हवंय. फक्त कालचा एक नंबर टाळायचा, की सगळ्यांची पाळी होईपर्यंत कोणालाच दुसऱ्यांदा बोलवायचं नाही? पहिलं हवं असेल तर काम सोपं आहे. कालचा नंबर आजच्या गैरहजर नंबरांबरोबर वगळायच्या लिस्टमध्ये टाका, बाकी सगळं तेच.

पण शिक्षकांना बहुतेक वेळा दुसरं हवं असतं, हा माझा अनुभव. निव्वळ रँडम निवड मुलांना न्याय्य वाटत नाही, आणि त्यांचं चूक नाही. ४० जणांमधून दर वेळी सगळ्यांना धरून निवड केली, तर आठव्या निवडीपर्यंत कोणाचा तरी नंबर दुसऱ्यांदा येण्याची शक्यता निम्म्याहून अधिक असते. चाळीस निवडी झाल्या तरी एखाद्या ठरावीक मुलाला एकदाही बोलावणं न येण्याची शक्यता सुमारे ३६ टक्के, म्हणजे सरासरी चौदा-पंधरा मुलं कोरडीच राहणार. फक्त कालचा नंबर टाळल्याने यात फारसा फरक पडत नाही.

यावर उपाय म्हणजे उरलेले नावाची लिस्ट ठेवणं. सुरुवातीला ती पटाची प्रत. प्रत म्हणजे कॉपी करून घेतलेली खरी प्रत. नुसतं बरोबरचं (=) चिन्ह लावून नाव दिलंत तर दोन्ही नावं एकाच लिस्टला चिकटतात आणि उरलेलेमधून काढलेला नंबर पटातूनही जातो. दर वेळी उरलेलेमधून आजचे गैरहजर वगळून उपलब्ध बनवा, चॉइसने एक घ्या, आणि तो नंबर उरलेलेमधून काढून टाका. इथे रिमूव्ह योग्य आहे, कारण आता ती लिस्ट बदलणं हाच उद्देश आहे. टेट्रिसच्या हल्लीच्या आवृत्त्या याच तत्त्वावर चालतात: सातही आकार एकेकदा पिसून देतात आणि संपले की पुन्हा सात पिसतात. त्यामुळे हवा असलेला आकार फार काळ रुसून बसत नाही.

वर्गात मात्र टेट्रिसपेक्षा एक अडचण जास्त आहे, ती म्हणजे गैरहजेरी. फेरी संपत आली, उरलेलेमध्ये फक्त १९ आणि ३१ राहिलेत आणि दोघेही आज नाहीत. उपलब्ध रिकामी झाली, पण वर्गात छत्तीस मुलं बसलीत. इथे काय करायचं हे पायथन सांगणार नाही, ते तुम्ही ठरवायचं. मी उरलेले पुन्हा पूर्ण पटाने भरतो आणि नवी फेरी सुरू करतो. १९ आणि ३१ यांची जुनी पाळी हुकली तर हुकली. नव्या फेरीत त्यांची पाळी येईलच. जुनी पाळी शिल्लक ठेवून त्यांचे नंबर दोनदा घातले तर आजारपणातून परत आलेल्या मुलाला लागोपाठ दोनदा उभं राहावं लागेल, ते मला पटत नाही. नव्या फेरीची पहिली निवड करताना तेवढा शेवटचा बोलावलेला नंबर वगळा, नाहीतर जुन्या फेरीचा शेवटचा आणि नव्या फेरीचा पहिला एकच निघू शकतो. आणि प्रोग्रॅम बंद केला की उरलेले पुसली जाते, म्हणून ती रोज एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी तिथून वाचा. वाचताना पुन्हा इंट लागेल, फाइलमधूनही मजकूरच येतो.

या पद्धतीचा एक तोटा आहे. ज्याची पाळी झाली तो मुलगा फेरी संपेपर्यंत निर्धास्त होतो आणि गृहपाठ करणं सोडतो. ते नको असेल तर पूर्ण वगळण्याऐवजी शक्यता कमी करा. चॉइसेस या फंक्शनला प्रत्येक नंबरचं वजन देता येतं: ज्याची पाळी झाली त्याला १, न झालेल्याला ५, गैरहजर असलेल्याला ०. वजन शून्य म्हणजे तो येणारच नाही. चॉइसेस एकच नंबर दिला तरी लिस्टमध्ये घालून देतं, तेव्हा पहिला घटक बाहेर काढा. एकाच वेळी अनेक मुलं हवी असतील, समजा पाच जणांचा गट, तर चॉइसेस नको, कारण त्यात तोच नंबर पुन्हा येऊ शकतो. तिथे उपलब्धवर सॅम्पल वापरा, त्यात एकदा निवडलेला नंबर पुन्हा येत नाही.

फळ्यावर बोलवण्यासाठी रँडम मॉड्यूल पुरेसं आहे. कधी स्नेहसंमेलनात पैशांची किंवा बक्षिसाची सोडत काढायची वेळ आली तर सीक्रेट्स मॉड्यूलमधलं चॉइस घ्या, ते पायथन ३.६ पासून आहे. रँडमचे आकडे मर्सेन ट्विस्टर या पद्धतीने तयार होतात आणि पुरेसे आकडे पाहिलेल्याला पुढचे ओळखता येतात. वगळण्याची रीत तीच, फक्त शेवटची निवड सीक्रेट्सने करायची.

कोड लिहून झाला की एकदा नुसता रन करून समाधान मानू नका, मोजून पाहा. गैरहजर तेच चार ठेवा, उपलब्धमधून निवड ३६,००० वेळा करायला लावा आणि कलेक्शन्स मॉड्यूलमधल्या काउंटरने कोणता नंबर किती वेळा आला ते मोजा. छत्तीस जणांत वाटले तर प्रत्येकाच्या वाट्याला हजाराच्या आसपास यायला हवेत; ९०० ते ११०० मधला फरक स्वाभाविक समजा. गैरहजर नंबर सुमारे ९०० वेळा आले तर तुमची अट काहीच वगळत नाहीये. ९० च्या आसपास आले तर कुठेतरी अजून इफ राहिलंय. आणि ८, १३, २०, ३२ हे नंबर १,८०० च्या घरात गेले तर 'पुढचा घे' वाली ओळ कोडमध्ये शिल्लक आहे. तिन्हीपैकी काहीच जुळलं नाही तर तुमचा कोड, काउंटरचे आकडे आणि एरर आली असेल तर तिची शेवटची ओळ, एवढं कळवा. त्यावरून पुढे पाहू.